फेट्याखालचा डोळा

मित्रांनो, वरकुट्याच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटाशेजारी खिळ्याला एक दगडी पाटी टांगलेली आहे. तिच्याखालच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेली जी पितळी वस्तू दिसते, ती मी. पुस्तकात मला विजेरी म्हणतात. इकडे सगळे बॅटरी म्हणतात. माझा मुलामा उडाला आहे, काचेवर ओरखडा आहे आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी पेटत नाही. मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. मीही पुष्कळ मोठ्या माणसांना अगदी बोटभर अंतरावरून पाहिले आहे, आणि त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले झालेले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वळला, काच बसली, बटण ठोकले आणि माझ्यासारख्या हजार बहिणींबरोबर मी खोक्यात पडले. त्या वेळी लढाई चालू होती. मी लष्करातल्या एका डॉक्टरांच्या हाती लागले. त्यांचे नाव गणपुले. माणूस तिरसट होता, बोलणे तोडून टाकणारे, आणि हात मात्र अतिशय हलका. तंबूत जखमी शिपाई ओळीने निजलेले असत. गणपुले डॉक्टर प्रत्येकाच्या पापण्या उघडत आणि मला धरत. आधी उजवा डोळा, मग डावा, मग पुन्हा उजवा. अर्ध्या तासाने परत तेच. मला वाटायचे, या माणसाला दुसरा उद्योग नाही.

पुढे मला त्याचे कारण कळले. डोक्याला मार लागला की कधी कधी कवटीच्या आत, मेंदूभोवती रक्त झिरपू लागते. बाहेरून काही दिसत नाही. माणूस उठून बसतो, पाणी मागतो, थट्टा करतो. आत रक्त साचत जाते आणि मेंदू दबत जातो. मग त्याला गुंगी येते आणि एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन बसते. उजेड पडला तरी ती आक्रसत नाही. दुसरी मात्र शहाण्यासारखी लहान होते. म्हणून एक डोळा पाहून काही कळत नाही, आणि एकदा पाहूनही काही कळत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. ती समजायला फार मोठी अक्कल लागत नाही. तरीही ती किती जणांना समजली नाही, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

लढाई संपली. गणपुले डॉक्टरांनी इंदापुरात दवाखाना काढला. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होते. लष्करातून त्यांनी आणखी एक वस्तू आणली होती. सुताराच्या गिरमिटासारखे, कवटीला भोक पाडायचे हत्यार.

त्यांच्या हाताखाली सारजा नावाची नर्स होती. ती लासुर्ण्याची, बागाईतदार जोतीरामांची मुलगी. लग्नानंतर वर्षभरात तिचा नवरा गेला. तिच्या वडिलांनी तिला घरात कोंडून न ठेवता पुण्याला नर्सच्या शिक्षणाला पाठवले. गाव म्हणाले, जोतीरामाने लेकीला लोकांची घाण काढायला लावली. गावाला तोंड असते, एवढेच गावाविषयी म्हणता येते. जोतीराम दर बाजारी भाजीची पाटी घेऊन इंदापुरात येत, दवाखान्याच्या दारात उभे राहून आत डोकावत आणि लेक पांढऱ्या लुगड्यात दिसली की न बोलता निघून जात. जाताना उंबऱ्याजवळ दोन मक्याची कणसे ठेवलेली असत.

गणपुले डॉक्टरांनी सारजाला माझा वापर शिकवला. खाटेशी पाटी टांगायची. दर अर्ध्या तासाने रोग्याला उठवायचे, नाव विचारायचे, गाव विचारायचे, कशाला आलात ते विचारायचे. दोन्ही डोळे पाहायचे आणि पाटीवर लिहायचे.

"रडणाऱ्याला मी भीत नाही, सारजाबाई," ते म्हणायचे. "जो हसत हसत घरी जातो म्हणतो, त्याला धरून ठेवा."

असाच हसणारा एक जण आला. भिमा, वरकुट्याचा. उसाने भरलेल्या गाडीवरून डोक्यावर पडला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत तो उठून बसला होता आणि गाडीतला ऊस कोण नेणार यावरून भावाशी भांडत होता.

"अवो डाक्टर, ह्यो तर मला शिव्या द्यायला लागला," भाऊ म्हणाला. "चांगला झाला की! न्हेतो मी त्याला."

"शिव्या देतोय तोवर इथेच ठेवा," डॉक्टर म्हणाले. "थांबला की मला हाक मारा."

दोन वेळा भिमाच्या बाहुल्या सारख्या होत्या. तिसऱ्या वेळी तो नाव सांगताना अडखळला. चौथ्या वेळी शिव्या थांबल्या होत्या आणि उजवी बाहुली माझ्याकडे ढिम्म पाहत राहिली. मग डॉक्टरांनी ते गिरमिट उकळायला टाकले. सारजाने मला धरले. तिचा हात हलला नाही, म्हणून मीही हलले नाही. कवटीतून काळपट रक्त बाहेर आले आणि थोड्या वेळाने ती हट्टी बाहुली आक्रसली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

आणि तिथेच माझे वाटोळे सुरू झाले.

भिमा बरा झाला. वांग्यांचे हारे घेऊन दवाखान्यात आला. त्याला ते गिरमिट आठवत नव्हते, आठवण्याची शुद्धच नव्हती. त्याला आठवत होता फक्त डोळ्यातला उजेड. तो गावोगाव सांगत सुटला, "डाक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली आन् मी ताडकन उठलो!" त्यानंतर ज्याला त्याला माझा उजेड हवा झाला. पोट दुखते, बॅटरी मारा. मूल रडते, बॅटरी मारा. साखरबाई नावाच्या एक बाई गाभण न राहणारी म्हैस घेऊन दारात उभ्या राहिल्या. "माणसावानी एक डाव हिच्या डोळ्यात बी मारा की," म्हणाल्या. गणपुले डॉक्टरांनी त्यांना म्हशीसकट हाकलले. मला मात्र, खरे सांगते, आतून गुदगुल्या झाल्या होत्या. स्तुती ऐकली की वस्तूंनाही चढते. त्या गुदगुल्यांची मला आज शरम वाटते.

पंचावन्न साली गणपुले डॉक्टर हृदयविकाराने गेले. त्यांच्या जागी सबनीस डॉक्टर आले. गोड बोलणारे गृहस्थ, केस चोपून बसवलेले. लोकांना काय हवे ते त्यांनी आठवड्यात ओळखले. जो येईल त्याच्या एका डोळ्यात ते माझा झोत टाकत आणि म्हणत, "फर्स्ट क्लास!" एकाच डोळ्यात, कारण दोन डोळ्यांना दुप्पट वेळ लागतो. लोक समाधानाने घरी जात. गिरमिट त्यांनी काचेच्या कपाटात शोभेला ठेवले. पाटीवर "चपला बाहेर काढाव्यात" असे लिहून ती दाराबाहेर टांगली. सारजाने एकदा विचारले, तेव्हा हसून म्हणाले, "लोकांचा विश्वास हेच अर्धे औषध, सारजाबाई." उरलेले अर्धे कुठे आहे, ते त्यांनी सांगितले नाही.

आता सत्तावन्न सालच्या माघातली गोष्ट. तालुक्यात एकरी सर्वांत जास्त ऊस काढल्याबद्दल लासुर्ण्यात जोतीरामांचा सत्कार होता. सोसायटीचे चेअरमन हिंदुराव यांच्या हस्ते. हिंदुरावांना भाषण करायला कारण लागत असे, ऊस हे त्यातले बरे कारण. मांडव घातला होता. मांडवाच्या वाशाला लाउडस्पीकरचा कर्णा सुतळीने बांधला होता. जोतीराम नारळ घ्यायला पुढे झाले आणि तो लोखंडी कर्णा सुटून त्यांच्या डाव्या कानशिलावर पडला.

ते कोसळले. क्षणभराने डोळे उघडून म्हणाले, "नारळ फुटला का?" सगळा मांडव हसला. कानशिलातून रक्त येत होते. हिंदुरावांनी तिथल्या तिथे भगवा फेटा उचलला आणि आपल्या हाताने जखमेवरूनच बांधला, घट्ट, डाव्या डोळ्यापर्यंत खाली ओढून. रक्त थांबले, सत्कारही झाला. एका दगडात दोन पक्षी मारल्याचे समाधान हिंदुरावांच्या तोंडावर दवाखान्यात येईपर्यंत टिकून होते.

जीपमधून सगळे आले. जोतीराम, त्यांची बायको प्रयागबाई, हिंदुराव आणि गळ्यात हार तसेच असलेले चारदोन जण.

"डाक्टर, जरा बॅटरी मारा आन् मोकळं करा," हिंदुराव म्हणाले. "पंगत खोळंबलीया."

सबनीस डॉक्टरांनी मला जोतीरामांच्या उजव्या डोळ्यासमोर धरले. बाहुली झटकन लहान झाली.

"फर्स्ट क्लास!"

"डॉक्टर, डावा डोळा राहिला," सारजा म्हणाली.

"दिसतोय की अर्धा."

"मी फेटा सोडते. जखम बघायला पाहिजे. आणि संध्याकाळपर्यंत त्यांना इथंच ठेवू, दर अर्ध्या तासानं..."

"ए पोरी!" हिंदुराव उठले. "माझ्या हातानं बांधलेला सत्काराचा फेटा हाय त्यो. घरात कोन मेलंय म्हनून बापाला बोडकं करायला निघालीस?"

आमच्या भागात घरात कुणी गेले तरच पुरुष उघड्या डोक्याने चारचौघांत दिसतो. हे सारजाला सांगायची गरज नव्हती. पण प्रयागबाईंच्या काळजात ते बसले. त्यांनी लेकीचा हात धरला. "नगं गं सारजे. भरल्या मांडवातनं आल्यात. आजच्या दिसाला नगं."

सबनीस डॉक्टर हसले. "सारजाबाई, गणपुल्यांची लढाई संपली. हा दवाखाना आहे, छावणी नव्हे. बॅटरी मारली ना? झाले तर."

सारजाने वडिलांकडे पाहिले. जोतीरामांचा चेहरा जरा पांढरा होता, पण डोळ्यात कौतुक होते. स्वतःच्या सत्काराचे नव्हे, लेक डॉक्टरसमोर बोलते याचे.

"आगं, मी काय मरतोय व्हय?" ते म्हणाले. "सांच्याला घरी ये. तुझ्या हातानं सोड फेटा, आन् मग बघ डोळं नि बिळं काय ते."

मी त्या वेळी सारजाच्या हातात होते. डॉक्टरांनी मला तिच्याकडे दिले होते. फेट्याचे टोक तिच्यापासून वीतभर लांब होते. तिने ते ओढले नाही. एका नर्सला डॉक्टरांचे ऐकायला शिकवलेले असते, एका लेकीला बापाचे. ती बाजूला झाली. मित्रांनो, त्या खोलीतल्या सगळ्यांविषयी मी तुम्हाला वाटेल ते सांगेन. हिच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. ती स्वतःला पुरेसे म्हणून घेते.

त्या दुपारी डावी बाहुली कशी होती, मला माहीत नाही. कदाचित उजवीसारखीच असेल. कुणीच पाहिली नाही, एवढे नक्की.

जोतीरामांना परत मांडवात नेले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ओकले. लोक म्हणाले, ऊन लागले. डोके ठणकते म्हणाले. लोक म्हणाले, एवढ्या घट्ट फेट्याची सवय नाही. मग त्यांना गुंगी येऊ लागली. लोक म्हणाले, दमलाय बिचारा, निजू द्या. फेट्यासकट त्यांना लोडाला टेकून निजवले आणि ते मोठमोठ्याने घोरू लागले. हिंदुरावांचे भाषण तेव्हा चालू होते. भाषणात घोरणे ऐकू येऊ लागले तशी माणसे तोंडाला उपरणे लावून हसली. मरणाऱ्या माणसाला हसणारा असा मांडव मी लढाईतही पाहिला नव्हता. भाषण संपल्यावर जोतीरामांना तसेच उचलून घरच्या ओसरीवर निजवले. मी त्या मांडवात नव्हते. हे सगळे पुढे प्रयागबाईंनी सांगितले, थांबत थांबत.

सारजा चारच्या एस.टी.ने निघाली. मला तिने न विचारता पिशवीत टाकले होते. ती घरी पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता. ओसरीवरून घोरण्याचा आवाज ऐकताच ती धावली. ती वडिलांजवळ बसली.

"आबा, नाव काय तुमचं?" तिने विचारले. "आबा, गाव कंचं?"

मग तिने ठरल्याप्रमाणे आपल्या हाताने फेटा सोडला. सोळा हात कापड. एकेक वेढा सुटत गेला. शेवटचा वेढा रक्ताने चिकटला होता. तिने पापणी उचलली आणि मला धरले. डाव्या डोळ्यात बाहुली एवढी मोठी झाली होती की बुबुळाची कडाच उरली होती. मी होता नव्हता तेवढा सगळा उजेड त्यात ओतला. तो आत गेला आणि तिथेच राहिला.

"जीप कुठं हाय?" सारजा ओरडली.

जीप पाहुण्यांना सोडायला बारामतीला गेली होती. शेवटी साखर कारखान्याकडे जाणारा एक ट्रक थांबवला आणि जोतीरामांना बारामतीच्या मोठ्या दवाखान्याकडे नेले. बारामती यायच्या आतच जोतीरामांचे घोरणे थांबले.

दुसऱ्या दिवशी अंगणात माणसे मावत नव्हती. सगळ्या पुरुषांची डोकी उघडी. हिंदुराव आले. त्यांनीही फेटा काखेत मारला होता. तिरडीवरच्या जोतीरामांकडे पाहून त्यांनी डोळे पुसले. ते खरोखर ओले होते, एवढे मी मान्य करते. "असं बोडकं नेऊ नगा रं वाघाला," ते म्हणाले. "सत्काराचा फेटा बांधून न्या."

सगळ्यांनी सारजाकडे पाहिले.

"बांधा," ती म्हणाली. "आता कुणाला डोळा बघायचा न्हाय."

 आणि ती आत गेली.

सबनीस डॉक्टरांनी मला परत मागितले नाही. त्यांनी तीन सेलची, चकचकीत, नवी आणली. अजूनही एकाच डोळ्यात मारतात म्हणे. सारजाने ती नोकरी सोडली आणि वरकुट्याच्या दवाखान्यात आली. येताना दारावरची पाटी तिने काढून घेतली आणि ओल्या फडक्याने तिच्यावर लिहिलेल्या चपला पुसून टाकल्या. इथे डॉक्टर आठवड्यातून तीनदा येतात, बाकी सगळे तीच पाहते. डोक्याला मार लागलेला कुणीही आला की ती आधी त्याचे डोके उघडे करते. फेटा असो, पटका असो, टोपी असो, बाईमाणसाचा पदर असो. सुरुवातीला लोक संतापले. तिला मागून "बोडकं करनारी बाई" म्हणू लागले. तिने ते ऐकले आणि पुढच्या रोग्याचा पटका सोडला.

गेल्या वर्षी, एकोणसाठ साली, एक जीप उसाची गाडी चुकवताना कालव्याच्या चारीत गेली. आतून उतरून हिंदुराव आमच्या दवाखान्यात आले. चालत आले. फेटा जागेवर होता, फक्त एका बाजूला मातीने माखला होता. ते बाकावर बसले आणि मग त्यांनी समोर कोण आहे ते पाहिले.

"काय न्हाय, जरा टेंगूळ आलंय," ते म्हणाले. "एक बॅटरी मारा..." आणि तिथेच थांबले.

सारजाने मला फळीवरून उचलले. दारात दहाबारा माणसे जमली होती. हिंदुरावांनी हात वर नेला. फेटा त्यांनी स्वतःच उतरवला आणि मांडीवर ठेवला. टकलावर चांगलेच टेंगूळ होते. एवढ्या माणसांसमोर ते डोके पहिल्यांदाच उघडे पडले असावे. फारसे काही बघण्यासारखे नव्हते.

"जीप चारीतनं काढा," सारजा दारातल्या लोकांना म्हणाली. "दारात उभी करा, तोंड रस्त्याकडं करून. डायव्हरनं हलायचं न्हाय."

मग तिने माझे बटण दोनदा दाबले. उजवा डोळा, डावा डोळा, पुन्हा उजवा. दोन्ही बाहुल्या सारख्या, दोन्ही निमूट. तिने पाटीवर लिहिले.

"घरी जाऊ का मग?" हिंदुरावांनी विचारले.

"संध्याकाळपर्यंत इथंच."

दर अर्ध्या तासाने ती येई. "नाव काय? गाव कोणतं? इथं कशाला आलात?" साऱ्या तालुक्याला ज्यांचे नाव पाठ, ते चेअरमन खाटेवर उघड्या डोक्याने बसून मुलांसारखे स्वतःचे नाव सांगत. पहिल्या वेळी चिडून, दुसऱ्या वेळी कंटाळून. पाचव्या वेळी सारजाने एक जास्तीचा प्रश्न विचारला. तोही गणपुले डॉक्टरांच्या शिकवणीतलाच आहे, ओळख पटते का ते पाहायला विचारतात.

"मी कोण?"

हिंदुरावांनी तिच्याकडे पाहिले. माझा उजेड त्यांच्या डोळ्यात होता, त्यामुळे त्यांना तो चुकवता येईना. डोळ्यांत पाणी आले. उजेडाने येते कधी कधी.

"जोतीरामाची लेक," ते हळूच म्हणाले. "ज्याचा फेटा म्या सोडू दिला न्हाय, त्याची."

सारजाने पाटी घेतली. उजवी सारखी, डावी सारखी, असे लिहिले. खडू क्षणभर थांबला. मग तिने पुढे लिहिले, "शुद्धीवर."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आम्हाला जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. मला तुम्ही टाकलेत तरी चालेल. आता आणखी चांगल्या बॅटऱ्या मिळतात. पण कुणाच्या डोक्याला मार लागला, आणि तो हसत म्हणाला की मला काही झाले नाही, तर त्याचे ऐकू नका. चेअरमनचे ऐकू नका, गोड बोलणाऱ्या डॉक्टरांचे ऐकू नका, आणि तो तुमचा बाप असला तर मुळीच ऐकू नका. फेटा सोडा. दुसरा डोळा पाहा. अर्ध्या तासाने पुन्हा पाहा.